मेथीच्या लाडवाचा वास येणारी वाइन: जुनी पोर्ट आणि मदेरा घरी चाखून पाहताना

डिसेंबरातली संध्याकाळ होती. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी सहा जण बसलो होतो. प्रत्येकापुढे चार ग्लास, एक कोरा कागद आणि पेन्सिल. दिंडोरीकडचे एक बागायतदार मित्र आले होते. द्राक्षात हयात गेलेली, पण मदेरा पहिल्यांदाच पाहत होते. तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "हा तर मेथीचा लाडू!"

सगळे हसले. पण त्या संध्याकाळी सर्वांत अचूक तेच बोलले होते. जुन्या मदेरात, लाकडी पिंपात मुरलेल्या टॉनी पोर्टमध्ये आणि हवा लागून पिकलेल्या शेरी या स्पॅनिश वाइनमध्ये सोटोलॉन नावाचं संयुग तयार होतं. मेथीदाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच असतो. बाळंतिणीच्या खोलीत गूळ, तूप आणि मेथीचा वास घेत वाढलेल्या नाकाला जुनी मदेरा अर्धी आधीच ठाऊक असते. अडचण एवढीच की आपण परदेशी वर्णनांतले शब्द पाठ करून बसतो. ब्लॅक करंट कधी खाल्लेलं नसतं, पण वहीत लिहितो ब्लॅक करंट.

तेव्हा हा लेख स्वतःच्या नाकावर भरवसा ठेवून जुन्या फोर्टिफाइड वाइन शेजारीशेजारी ठेवून चाखायच्या कशा, याबद्दल आहे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

फोर्टिफाइड म्हणजे ब्रँडीसारखा द्राक्षाचा मद्यार्क घालून तगडी केलेली वाइन. पोर्ट येते पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातून. या खोऱ्याच्या सीमा १७५६ सालीच सरकारी हुकमाने आखल्या गेल्या. रस आंबत असताना, अर्धीअधिक साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्के तीव्रतेचा मद्यार्क ओततात, साधारण चार भाग रसाला एक भाग. यीस्ट तिथेच मरतं, साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोडही असते आणि १९ ते २२ टक्के अल्कोहोलचीही. बागायतदारांना सांगायचं तर रिफ्रॅक्टोमीटरवर जी साखर दिसते तिचा मोठा वाटा बाटलीपर्यंत पोहोचतो.

पुढे पोर्टचे दोन रस्ते होतात, आणि तुलनेचा सगळा खेळ या फाट्यावर आहे. व्हिंटेज पोर्ट दोन-अडीच वर्षं पिंपात राहते आणि बाटलीत जाते. पुढची वीस, तीस, पन्नास वर्षं ती बुचाआड, जवळपास हवेविना मुरते. रंग आणि तुरटपणा देणारे घटक एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात, तोच तिचा गाळ. टॉनी मात्र वर्षानुवर्षं लाकडातच असते. लाकडातून हवा आत जाते, वाइन थोडी थोडी उडून जाते, उरते ती आटत जाते. एकीचं मुरणं बरणीतल्या मुरांब्यासारखं, दुसरीचं काकवीच्या कढईसारखं.

टॉनीच्या लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे शैली सांगतात. आतली वाइन अनेक वर्षांच्या पिंपांचं मिश्रण असते. एकाच वर्षाची टॉनी हवी असेल तर कोल्हेता शब्द शोधा. ती किमान सात वर्षं लाकडात राहिलेली असते. तिच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्षही असतं, ते जरूर वाचा. १९८० सालची कोल्हेता १९९५ मध्ये भरली की २०२० मध्ये, यावर वाइन पार बदलते.

मदेरा हे वेगळंच प्रकरण. अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटावरची ही वाइन मुद्दाम गरम करून पिकवतात. स्वस्त प्रकारात टाकीतच तीन महिने ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवतात, चांगल्या प्रकारात उन्हाने तापणाऱ्या माळ्यांवर पिंपं वर्षानुवर्षं ठेवतात. हा शोध जहाजांवर लागला. उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आलेली पिंपं घरी राहिलेल्यांपेक्षा चवदार निघाली. अशा फेरी मारून आलेल्या वाइनला 'व्हिन्यो दा रोदा' असं नाव होतं आणि लोक तिला जास्त पैसे मोजत. म्हणजे आपल्या किनाऱ्यांवरच्या उकाड्याचाही या चवीत थोडा हात आहे. सर्सियाल, व्हर्देल्यो, बुआल, माल्व्हासिया ही द्राक्षांची नावं कोरड्यापासून गोडापर्यंत या क्रमाने लक्षात ठेवा. लेबलवर वर्षासोबत फ्रास्केरा असेल तर ती वाइन किमान वीस वर्षं पिंपात होती.

आपल्या दुकानांत 'पोर्ट' या नावाने स्वस्त गोड लाल वाइन मिळते. तिला नावं ठेवायचं कारण नाही, आमच्या एका आत्याची ती आवडती आहे. पण या तुलनेत ती आणू नका.

कोणत्या बाटल्या मांडायच्या

जाणकार दोन पद्धती सांगतात. एकाच घराण्याची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या एकाच कंपनीची, वेगवेगळी वर्षं ओळीने, किंवा एकाच वर्षाच्या वेगवेगळ्या घराण्यांच्या बाटल्या. दोन्ही छान, पण त्यासाठी खजिना लागतो. पहिल्या बैठकीला मी तिसरी मांडणी सुचवेन: वय साधारण सारखं, मुरण्याची पद्धत वेगळी. वीसेक वर्षांची व्हिंटेज पोर्ट, २० वर्षांची टॉनी, जमल्यास एक कोल्हेता, आणि एक बुआल मदेरा. सगळ्या गोड, सगळ्या वयस्क, तरी चार दिशांना गेलेल्या. यातून जे शिकाल ते सहा व्हिंटेज पोर्ट ओळीने पिऊन पहिल्या दिवशी कळणार नाही.

व्हिंटेज पोर्ट दर वर्षी निघत नाही. हंगाम खास वाटला तरच घराणी ते वर्ष 'जाहीर' करतात, दशकातून साधारण तीनदा. १९६३, १९७७, १९९४ आणि २०११ ही बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केलेली वर्षं. टेलर, ग्रॅहम, फोन्सेका, डाउ ही नावं डोळे मिटून घ्यावीत. किंता दो नोव्हाल या मळ्यात 'नासियोनाल' नावाचा छोटा तुकडा आहे, तिथल्या वेली कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. हे ऐकून आमच्या दिंडोरीकरांनी दोन्ही हात जोडले. ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात त्या डॉगरीज खुंटाशिवाय बाग लावायची म्हणजे काय, हे त्यांना विचारा.

बाटल्या आणणार कशा? परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. दोन पाहुणे गाठले की चार झाल्या. ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळाली तर उत्तमच. फक्त अर्ध्या बाटलीत वाइन लवकर पिकते, तिची पूर्ण बाटलीशी तुलना करताना हे ध्यानात असू द्या. आणि यजमानाने पिण्याचा परवाना काढून ठेवावा, काम फार नाही.

माप ठरवून घ्या. प्रत्येक वाइन माणशी ३० मिली, त्यापेक्षा जास्त नको. चार वाइन म्हणजे १२० मिली आणि २० टक्क्यांच्या हिशेबाने २४ मिली शुद्ध मद्यार्क, जवळजवळ व्हिस्कीच्या एका मोठ्या पेगएवढा. गोडीमुळे हे जाणवत नाही, म्हणूनच सांगतोय. गाडी चालवून परत जाणाऱ्याने चाखून चूळ टाकावी. घरात पणजोबांची पिकदाणी असली तरी पितळेचा वास येतो. स्टीलचा उंच पेला बरा.

बैठकीच्या आधी: वासाच्या वाट्या

हा भाग लोक गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा हाच आहे. बैठकीच्या दिवशी दुपारी दहा-बारा छोट्या वाट्या मांडा. कोरडे भाजलेले मेथीदाणे. काकवी. बेदाणे, आणि वेगळ्या वाटीत काळ्या मनुका. खजूर, सुकं अंजीर, जर्दाळू. संत्र्याची वाळलेली साल. ज्येष्ठमध. अक्रोड. करपण्याच्या बेताला आणलेला साखरेचा पाक. एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक. नेलपॉलिशची उघडी बाटली, पण ती दूर, खिडकीपाशी. आणि ओला पुठ्ठा.

प्रत्येकाने डोळे मिटून वास घ्यायचा, मग नाव सांगायचं. काळी मनुका आणि खजूर यांची गल्लत होतेच होते. वाइन पुढ्यात आल्यावर नाक भांबावत नाही, कारण दुपारीच त्याची उजळणी झालेली असते.

चवीचीही एक उजळणी करून घ्या. लिंबू सरबताचे दोन पेले करा, साखर दोन्हींत सारखी, लिंबू दुसऱ्यात दुप्पट. दुसरा पेला कमी गोड वाटेल. जिभेच्या कडांना लाळ कुठल्या पेल्याने जास्त सुटते ते पाहा. जुन्या पोर्ट आणि मदेरातला फरक बराचसा एवढाच असतो: मदेराची साखर कमी असतेच असं नाही, पण तिचा आंबटपणा ती साखर पेलून धरतो. तुरटपणासाठी आवळ्याची एक फोड चावा. तुरट हा शब्द आपल्याकडे तयार आहे, तो वापरा.

त्या दिवशी सकाळी मिसळ खाऊ नका. नाशिकात राहून हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण तर्रीने बधिर झालेली जीभ संध्याकाळपर्यंत ताळ्यावर येत नाही.

बाटली उभी करणं आणि उघडणं

व्हिंटेज पोर्ट आडवी साठवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. बैठकीआधी ती उभी करायची. नेहमीच्या जागेवरची असेल तर दोन दिवस पुरतात, पण कसारा घाटातून हिंदकळत आली असेल तर दोन आठवडे तरी हात लावू नका. जुन्या बाटलीवर कधी पांढऱ्या चुन्याचा फटकारा दिसतो. बाटली आडवी असताना ती बाजू वर होती, गाळ उलट बाजूला आहे, अशी ती खूण. मदेरा मात्र उभीच साठवतात, तिच्या आंबटपणाने आणि मद्यार्काने बूच झिजतं.

आमच्याकडची मे महिन्याची उष्णता ध्यानात घ्या. कपाटाच्या वरच्या फळीवर पोर्ट ठेवू नका. फ्रिजचा भाजीचा कप्पा आदर्श नाही, तरी भिंतीतल्या कपाटापेक्षा बरा.

उघडण्याआधी बाटली उजेडात धरून पातळी पाहा. वाइन मानेपर्यंत असेल तर उत्तम. खांद्याच्या खाली उतरली असेल किंवा बुचाभोवती चिकट ओघळ असेल तर शंका घ्या, पण फेकू नका. अशा बाटल्यांनीही मला आश्चर्याचे धक्के दिले आहेत.

तीस-चाळीस वर्षांचं बूच साध्या कॉर्कस्क्रूने बहुधा तुटतं. दोन पातळ पात्यांचा, बुचाच्या दोन्ही कडांनी आत सरकवायचा ओपनर घ्या आणि घाई करू नका. फिरवत, डुलवत, हळू. पोर्तुगालात एक देखणी युक्ती वापरतात: लालबुंद तापवलेला चिमटा बाटलीच्या मानेला लावायचा, मग तिथे गार पाण्याचं फडकं. मान बुचासकट कचकन सुटते. घरी करू नका.

माझं पहिलं बूच चुरा होऊन आत पडलं होतं. घाईत मी चक्का टांगायचं फडकं आणलं, स्वच्छ धुतलेलं, इस्त्रीचं. पोर्टला दह्याचा आणि साबणाचा वास लागला तो लागलाच. तेव्हापासून एक नवं मलमल या कामासाठी वेगळं आहे. ते साबणाविना, फक्त उकळत्या पाण्यातून काढायचं.

आता ओतणं. काचेचा जग आतून कोरडा हवा. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एकाच संथ धारेत ओता, मधे बाटली सरळ करायची नाही. सुरुवातीला मान लाल आणि नितळ दिसते. शेवटी काळसर धागा सरकत येतो. तो मानेपाशी आला की थांबा. तळाला पन्नासेक मिली राहील, त्याचा मोह नको.

किती वेळ आधी? वीस-तीस वर्षांची व्हिंटेज दोन-तीन तास आधी. पन्नाशी ओलांडलेलीला तासभर पुरे, तिचा वास नाजूक असतो आणि लवकर उडतो. टॉनी थेट ग्लासात. जुनी मदेरा मात्र आदल्या दिवशीच उघडा. इतकी दशकं बंद राहिल्याने तिला सुरुवातीला एक कुबट वास येतो, तो जायला वेळ लागतो. हवेने ती बिघडेल ही भीती नको, हवेशी तिचा झगडा पिंपातच संपलेला आहे.

खोली, ग्लास, क्रम

नाशिकची थंडी या कामासाठी देवाने दिली आहे. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी खिडकी उघडी ठेवली की एसीविना खोली अठरा-वीस अंशांवर येते. व्हिंटेज पोर्टला १६ ते १८ अंश चालतात. टॉनी त्याहून गार, १२ ते १४, म्हणजे फ्रिजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर. मदेरा या दोघींच्या मधे. जास्त गरम वाइनमधून आधी मद्यार्काची धग नाकात जाते, बाकी काही कळत नाही.

उदबत्ती नको. स्वयंपाकघरात फोडणी नको. गजरा आणि अत्तर त्या दिवसापुरतं नको. हे पाहुण्यांना आधीच सांगावं लागतं, आणि सांगताना थोडं अवघड वाटतं, तरी सांगा.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, आणि सगळे एकाच प्रकारचे. सहा जणांना चार वाइन म्हणजे चोवीस ग्लास. ते नसतील तर दोन-दोन वाइनचे दोन हप्ते करा. केटररकडून भाड्याने आणलेल्या ग्लासांना भांड्याच्या साबणाचा वास असतो. गरम पाण्याने पुन्हा विसळून उलटे न ठेवता वाळवा.

क्रमाबद्दल मतभेद आहेत. मी व्हिंटेज आधी ठेवतो, मग टॉनी, कोल्हेता, शेवटी मदेरा. मदेराचा आंबटपणा आणि रेंगाळणारी चव इतकी दमदार असते की तिच्यानंतर दुसरं काही पाणचट लागतं. कोरडी सर्सियाल असेल तर ती मात्र अगदी पहिली. फक्त व्हिंटेज पोर्टची वर्षं ओळीने लावणार असाल तर म्हातारी आधी, तरुण नंतर, कारण तरुणीचा तुरटपणा म्हातारीचं बोलणं ऐकू देत नाही.

बाटल्या झाका. जगांना आणि ग्लासांना आकडे द्या. ओतणाऱ्यालाच ठाऊक असावं कशात काय आहे. आणि जमलं तर एक लबाडी करा: एकच वाइन दोन आकड्यांखाली द्या. तिला एकाच माणसाकडून दोन वेगळे शेरे मिळाले की बैठकीतला सगळा ताठा उतरतो. मी स्वतः यात तीनदा फसलो आहे.

चाखताना

पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही. हा नियम मी हट्टाने पाळतो. आपल्या बैठकीत वयाने मोठे काका पहिलं वाक्य बोलतात, "ही भारी आहे," आणि मग पाच माना हलतात. आधी लिहा, मग बोला.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून मधला रंग आणि कडेचा रंग वेगळे पाहा. तरुण व्हिंटेज जांभळट-काळी, मग माणकासारखी, मग कडेने विटकरी. टॉनी कोऱ्या चहाच्या रंगाची. फार जुन्या टॉनीच्या आणि मदेराच्या कडेला हिरवट झाक येते, ऑलिव्हच्या तेलासारखी. ती दिसली तर पेन्सिल उचला, वयाचा तो सगळ्यात प्रामाणिक पुरावा आहे.

वास दोनदा घ्या. आधी ग्लास न हलवता, मग हलकेच घुसळून. नाक ग्लासात खुपसू नका, वीस टक्के मद्यार्क झोंबतो. मग एवढासा घोट, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि या क्रमाने विचारा: गोडी किती, आंबटपणा तिला पेलतोय का, तुरटपणा हिरड्यांवर अजून आहे की विरला, घशाशी धग जाळते की नुसती ऊब देते. गिळल्यावर किंवा चूळ टाकल्यावर मनात आकडे मोजा. चांगली टॉनी तीस-चाळीसपर्यंत टिकते. उत्तम मदेराच्या वेळी मोजणं सोडून द्यावं लागतं.

जुन्या व्हिंटेजमध्ये ताजं फळ शोधत बसू नका. ते जाणारच. त्याच्या जागी काय आलं ते पाहा: सुकं अंजीर, चामडं, चहापत्ती, जुनं पुस्तक. काहीच आलं नसेल आणि नुसती गोडी आणि धग उरली असेल, तर ती वाइन लेबलवर कोणतंही वर्ष असो, थकलेली आहे. तसं स्पष्ट लिहा. किमतीला घाबरून खोटं लिहिणं हा या छंदातला मोठा रोग आहे.

शंभरपैकी गुण देण्याच्या भानगडीत मी पडत नाही. चौघींचा क्रम लावा आणि पहिली दुसरीच्या वर का, याचं एक कारण लिहा. एकच. त्यातून स्वतःची आवड जितकी कळते तितकी आकड्यांतून कळत नाही.

बिघाड ओळखायला दुपारच्या वाट्या कामी येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बूच खराब, ती बाटली बाजूला. नेलपॉलिशची हलकी झाक जुन्या मदेरात चालते, तिला थोडी धारच येते. तीच व्हिंटेज पोर्टमध्ये ठळक असेल तर दोष. पोर्टला शिजलेल्या जॅमचा सपाट वास आला तर बाटली कुठेतरी उन्हात तापली आहे.

खाणं सगळं लिहून झाल्यावर. अक्रोड, बेदाणे, जुनं चीज. शेंगदाण्याची चिक्की टॉनीबरोबर इतकी जमते की पाहुणे वाइन विसरतात. पेढे, बर्फी नको, त्यांच्यापुढे पोर्ट आंबट लागते. चिवडा तर अजिबात नको, हे नाशिककर असून सांगतो.

दुसऱ्या दिवशी

उरलेली वाइन संपवायची घाई करू नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच क्रमाने एकेक घोट घ्या. व्हिंटेज पोर्ट दोन-तीन दिवसांत ढासळते, आणि कशी ढासळते हे पाहणं हाही अभ्यास आहे. टॉनी तीन-चार आठवडे तग धरते. मदेरा महिनोन् महिने. आमच्याकडची दिवाळीला उघडलेली बुआल गुढीपाडव्याला तशीच होती.

आणि बैठकीच्या रात्री मदेराचे रिकामे ग्लास धुवू नका. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, त्यांचा वास घ्या. मद्यार्क रात्रीत उडून गेलेला असतो. उरते ती काकवी, संत्र्याची साल, मेथी. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तेवढं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी सात वाजताच सगळे ग्लास लखलखीत झाले होते.